किल्ल्या भिवराबाईकडं, बॅटरी फडावर

अभिमन्यूच्या हातून चूक झाली ती एका शब्दाची, आणि तो शब्द बोलताना त्याच्या दातांत दोन स्क्रू होते. सिरसाळ्यातल्या एका आडत्याच्या माडीवर तो सोलरच्या पाट्या बसवत होता. फोन आला तांबखडीच्या रामचा. राम त्याचा शाळासोबती. दोघं सिरसाळ्याच्या हायस्कुलात एका बाकावर बसले, एकाच मास्तरचा मार खाल्ला, आणि पुढं एकानं आयटीआय केलं, दुसऱ्यानं ऊसतोडीचा कोयता धरला.

"अभ्या, एक विचारायचं व्हतं. आमच्या घरावरच्या पाट्या बिनबॅटरीच्या चालत्येत का? दिवसा? ऊन आसताना?"

"चालंल बे," अभिमन्यू स्क्रूंच्या फटीतून म्हणाला.

"नक्की?"

"आता तू मला शिकवतो का?"

रामनं शिकवलं नाही. फोन ठेवला.

तसं अभिमन्यूचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. आडत्याची माडी, डॉक्टरचा दवाखाना, मंगल कार्यालय, एवढ्या ठिकाणी त्यानं पाट्या चढवल्या होत्या आणि त्यांतल्या एकीलाही बॅटरी नव्हती. पण त्या पाट्या तारेवरच्या लाईटीच्या जोडीनं चालतात. लाईट गेली की त्याही गप्प बसतात. रामच्या घरचा इन्व्हर्टर वेगळ्या जातीचा, खास लाईट गेल्यावर कामाला येणारा. त्याला बॅटरी लागतेच, डोक्यावर वैशाखाचं ऊन असलं तरी लागते. इन्व्हर्टरच्या खोक्यातल्या पुस्तकात हे स्पष्ट छापलेलं होतं. त्या पुस्तकावर अभिमन्यूनं पाट्या बसवायच्या दिवशी भजी खाल्ली होती.

रामला बॅटरी कशाला काढायची होती, तेही ऐकण्यासारखं आहे. मागच्या सीझनला कर्नाटकातल्या उसाच्या फडावर त्यांच्या कोपीजवळून बिबट्यानं कुत्रं उचललं. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची खोपटी. आत ना दिवा, ना दार. रामची बायको सुनिता तान्ही पोर कडेला घेऊन पहाटेच्या अंधारात बाहेर जायची. सीझन संपल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "औंदा कोपीत उजेड आसंल तर येती. न्हाईतर तू एकटाच जा." एकट्यानं जाऊन भागत नाही. तोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बायको नाही म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कुठलाच मुकादम उचल, म्हणजे सीझनआधीची आगाऊ रक्कम, देत नाही.

म्हणून घरची बॅटरी फडावर न्यायचं ठरलं. ट्रॅक्टरवर ती चार्ज होणार होती, कोपीत बल्ब लागणार होता, मोबाईल चालणार होते. राहता राहिला प्रश्न रामच्या बापाच्या मशीनचा. राधाकिशनची फुप्फुसं निम्मी निकामी झाली होती. तो दिवसातला बहुतेक वेळ नाकात नळी घालून ऑक्सिजनच्या मशीनला जोडलेला असे. ते मशीन करोना ओसरल्यावर एका ट्रस्टनं दिलं होतं, आणि पाट्या-इन्व्हर्टर रामनं त्या मशीनसाठीच बसवून घेतला होता. पण तांबखडीत लाईट जाते ती दिवसा, आणि दिवसा ऊन आहे. अभ्या म्हणतो चालंल. हिशेब पक्का होता, फक्त त्याच्या पायाखाली एकच शब्द होता.

"आयेला सांगू नको," असं रामनं जाताना अभिमन्यूला बजावलं. "ती गाव डोक्यावर घेईल."

हे मात्र खरं होतं.

*

भिवराबाईचा आवाज हा तांबखडीतला एक चालता-बोलता लाऊडस्पीकर. तिनं आणि राधाकिशननं मिळून वीस-बावीस सीझन ऊस तोडला. राम फडातच जन्मला. सकाळी मोळ्या वाहिल्या, दुपारी बाळंत झाली, आणि आठवड्याच्या आत पुन्हा डोक्यावर मोळी. हे ती तक्रार म्हणून सांगत नसे. मुकादमाला त्या आठवड्याचे पैसे कापू दिले नाहीत, हे सांगायचं असे तिला. डावा खांदा मोळ्यांनी कायमचा खाली बसला होता, त्यामुळं ती उभी राहिली की सतत कुणाचं तरी म्हणणं कान देऊन ऐकते आहे असं वाटायचं. ती कुणाचंच ऐकत नसे.

राधाकिशन मधली काही वर्षं वीटभट्टीवर होता. तिथला धूर आणि खिशातली बिडी, दोघांनी मिळून त्याला आठ पावलांवर आणून ठेवलं. ओसरी ते मोरी आठ पावलं. त्याच्यासाठी भिवराबाईनं फड सोडला आणि गावात मागं राहिली.

दिवाळीनंतर तांबखडीत मागं कोण राहतं? म्हातारे, शाळकरी पोरं आणि कुत्री. बाकी गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघून जातं. जाताना आतल्या खोलीला कुलूप लागतं. दाणे, पत्र्याची पेटी, जे काय असेल ते आत. म्हातारे आणि पोरं ओसरीत. सहा महिने ओसरी हेच घर.

भिवराबाई मागं राहिली त्या पहिल्याच वर्षी शेजारच्या वनमालानं जाताना आपली किल्ली तिच्या हातात दिली. "मावशी, फडावर हरवती बघा. राहू द्या तुमच्यापाशी." दुसऱ्या वर्षी सहा किल्ल्या झाल्या, मग अख्ख्या गल्लीच्या. भिवराबाईला अक्षर येत नव्हतं. प्रत्येक किल्लीला ती त्या घरच्या बाईच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधून घ्यायची. जांभळी चिंधी वनमालाची, मोरपिशी जानकीबाईची, पिवळी जरीची मुकादम मोहनरावांच्या घरची. सगळ्यांचा जुडगा कंबरेला. ती चालली की आधी जुडगा ऐकू यायचा आणि मग ती.

नियम एकच होता. किल्ली सांभाळायची, फिरवायची नाही. एका सीझनला वनमालाच्या बंद घरात गजराचं घड्याळ राहून गेलं. रोज पहाटे चारला ते आत बोंबलायचं, सगळी ओसरी-मंडळी शिव्या घालत उठायची. पोलीस पाटील विठ्ठलराव, गावात उरलेला एकमेव सरकारी माणूस, स्वतः सांगायला आला. "भिवराबाई, किल्ली हाय तुझ्यापाशी. दार उघड, घड्याळाचा सेल काढ, दार लाव."

"पाटील, आज सेल काढीन. उद्या म्हणचाल, उंदीर मेलाय, वास मारतोय. परवा कुणी म्हणंल, दोन पायल्या ज्वारी दे, त्यो आला की फेडतो. माझ्यापाशी किल्ली हाय, घर न्हाई."

घड्याळ आपला सेल संपेपर्यंत वाजलं. वनमालानं फडावर ही गोष्ट ऐकली आणि ती आनंदानं सगळ्या कोप्यांत सांगत सुटली. पुढच्या दिवाळीला किल्ल्या आणखी वाढल्या.

आणि अशा बाईच्या स्वतःच्या आतल्या खोलीची किल्ली यंदा सुनितानं कंबरेला लावली. इन्व्हर्टर त्याच खोलीत होता. वायर खिडकीतून ओसरीवर आलेली. ट्रॉली निघायच्या वेळी भिवराबाईनं चार लोकांत तोंड सोडलं.

"आख्ख्या गल्लीची घरं माझ्या कंबरंला, आन माझं घर सुनंच्या कंबरंला! काय चोरीन मी? माझ्याच नवऱ्याच्या चड्ड्या?"

"आत्या, तुमच्या कंबरंला जागा कुठं राहिली आता?" सुनिता ट्रॉलीतून म्हणाली, आणि सगळी ट्रॉली हसली. राम हसला नाही. त्याच्या पायाशी गोधडीत गुंडाळलेलं जड काहीतरी होतं, आणि त्यावर तो पाय ठेवून बसला होता.

*

मार्गशीर्षात तांबखडीची डीपी, म्हणजे गावाला लाईट देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली.

एरवी डीपी जळाली की गावातले वीस बाप्ये निघतात. टेंपो ठरवतात, लाईटीच्या हापिसात जाऊन बसतात, साहेब वैतागेपर्यंत बसतात आणि नवी डीपी स्वतः चढवून, स्वतः उतरवून आणतात. आता बाप्ये कुठं होते? विठ्ठलराव एकटा गेला. त्याचे गुडघे आणि त्याचा अर्ज दोन्ही हापिसातल्या बाकावर बसून आले. "नंबर लागंल," असं कळलं. रिकाम्या गावाचा नंबर कधी लागतो, ते त्या बाकाला ठाऊक.

लाईट गेली त्याच मिनिटाला राधाकिशनचं मशीन थांबलं. भिवराबाईनं आधी मशीनला थापटलं, मग वायर हलवली, मग खिडकीच्या गजांतून आत बघितलं. आत अंधार. बाहेर ऊन रणरणत होतं, पत्र्यावरच्या पाट्या डोळे दिपवत होत्या. तिनं विठ्ठलरावाचा फोन घेतला.

"अभ्या, तुझ्या पाट्या जित्या हायेत का मेल्या?"

अभिमन्यू तो कामाला असलेल्या सोलरच्या दुकानात होता. समोर विक्रीच्या बॅटऱ्या रांगेनं मांडलेल्या. मालकाकडं एक दोन दिवसांपुरती मागता आली असती. पण मागायची तर कशाला ते सांगावं लागणार, आणि ते सांगायचं तर तो 'चालंल' सांगावा लागणार. शिवाय अजून त्याची आशा मेलेली नव्हती. कुठंतरी वायर सैल असेल. ऊन आहे म्हणजे चालायला पाहिजे. त्यानं टेस्टर, पाने, चिकटपट्टी असं सामान घेतलं आणि मोटारसायकलला किक मारली.

ओसरीवर राधाकिशन भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वर चढलेले, ओठांचा रंग जांभळाच्या सालीसारखा. रामची दोन थोरली पोरं शाळेत गेली होती. अभिमन्यूला बघून म्हातारा हसला. त्याचं एक वाक्य यायला तीन श्वास लागत.

"ये पोरा... ऊन बघ... फुकटात... पडलंय... आन हवा... न्हाई."

"काका, बोलू नका तुमी."

"मंग काय... करू... बिडी... वढू?"

"वढा!" भिवराबाई पंख्यानं वारा घालता घालता म्हणाली. "थोटकं बी शिल्लक हाय, तुमच्या सरणावर पेटवायला ठिवलं व्हतं."

अभिमन्यू शिडी लावून पत्र्यावर चढला. वर करायला काहीच नव्हतं. पाट्या ठीक होत्या, वायर ठीक होती, मीटरची पिन लावली तर करंट भरपूर येत होता. वर सगळं होतं. त्यानं रुमाल काढून पाट्या पुसायला घेतल्या. एक पुसली, दुसरी पुसली, मग पहिली पुन्हा पुसली. खाली जायचं म्हणजे काय बोलायचं, हे त्याचं जुळत नव्हतं. इन्व्हर्टरला बॅटरी नाही म्हणून तो चालू होत नाही, हे त्याला आता त्या पत्र्यावर, भर उन्हात, कुठलंही पुस्तक न वाचता समजलं होतं.

तेवढ्यात खालून दणका ऐकू आला. लोखंडावर लोखंड. मग दुसरा.

तो खाली उतरेपर्यंत भिवराबाईनं कोयत्याच्या पाठीनं आतल्या खोलीचं कुलूप कोयंड्यासकट उचकटलं होतं.

"काकू, थांबा जरा..."

"थांबून काय करू? त्येनं दम कुठवर धरावा?"

ती आत गेली. अभिमन्यू उंबऱ्यावर उभा राहिला. पेटी होती, ज्वारीची पोती होती, भिंतीवर इन्व्हर्टर होता. इन्व्हर्टरच्या खाली, सगळीकडं धूळ असताना, जमिनीवर एक स्वच्छ चौकोन होता. दोन वायरी त्या चौकोनावर लोंबत होत्या, त्यांच्या टोकांना कुणीतरी नीट चिकटपट्टी गुंडाळलेली. ती चिकटपट्टी कुणाच्या शिकवणीनं गुंडाळली, हे सांगायची गरज नव्हती.

भिवराबाई त्या चौकोनाकडं बघत राहिली. मग अभिमन्यूकडं.

"तुला ठावं व्हतं."

त्यानं मान खाली घातली.

"रामनं न्हेली?"

"कोपीत अंधार हाय, काकू. बिबट्या हाय तिथं. त्यानं मला विचारलं, दिवसा बिनबॅटरीचं चालंल का, आन मी चालंल म्हणलं."

कुठलीही शिवी आली असती तर अभिमन्यूला बरं वाटलं असतं. भिवराबाईला शिव्यांचा तुटवडा नव्हता. पण तिचं ध्यान ओसरीकडं गेलं होतं. बाहेर राधाकिशनचा श्वास पिपाणीसारखा वाजत होता.

"दवाखान्यात न्हेऊ," अभिमन्यू म्हणाला. "गाडी बोलावतो."

"गाडी येईस्तवर? आन मागल्या बारीला न्हेलं तवा पडून पडून पाठीला भोकं घिऊन आला. दोन लेकरं कुणाच्या दारात बांधून जाऊ मी?" तिनं डोळ्यांवर पदर दाबला आणि सोडला. "तसली बॅटरी आनिक कुणाच्या घरी हाय?"

अभिमन्यूनं उत्तर दिलं आणि दिल्याबरोबर त्याला समजलं की आपण काय बोललो. "मोहनरावांच्या. त्यांच्या घरी इन्व्हर्टर हाय. मीच बसवलाय."

भिवराबाईचा हात कंबरेला गेला. जुडगा वाजला. पिवळी जरीची चिंधी शोधायला तिला बघावं लागलं नाही.

"मुकादमाला फोन लावू का?" अभिमन्यूनं खिशातला मोबाईल काढला. "विचारून घेऊ. न्हाई म्हणणार न्हाईत ते."

"आन म्हणलाच तर?"

अभिमन्यूनं मोबाईल परत खिशात सरकवला.

"विचारलं आन त्यो न्हाई म्हणला, तर मला ती किल्ली फिरवाया यायची न्हाई. न विचारता फिरवली तर नुसती चोर व्हईन." ती उंबरा ओलांडून निघालीसुद्धा. "चल, हात लाव."

मोहनरावांच्या दाराशी ती क्षणभर थांबली. समोरच्या ओसरीवर जानकीबाईची सासू वाती वळत बसली होती. तिचे हात थांबले. गल्लीच्या टोकाला आणखी दोन म्हातारी माणसं उठून उभी राहिली. भिवराबाईनं कुणापासून काही लपवलं नाही. उलट घसा साफ करून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "मी मोहनरावाचं घर उघडतीय! माझ्या मालकाला दम लागलाय! बॅटरी न्हेतीय, दुसऱ्या कशाला हात लावत न्हाई! बघून घ्या सगळे!"

किल्ली फिरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

बॅटरी जुनी होती, पाणी तळाला गेलेलं. पोत्यावर घालून दोघांनी ती ओढत आणली, मध्येच भिवराबाईचा खाली बसलेला खांदा कुरकुरला तर तिनं त्यालाच शिवी दिली. अभिमन्यूनं वायरी जोडल्या. इन्व्हर्टरनं एकदा टीं केलं, दिवा हिरवा झाला, आणि ओसरीवरचं मशीन म्हशीनं निःश्वास टाकावा तसं सुरू झालं. राधाकिशनच्या नाकात नळी गेली. ओठांचा जांभळा रंग उतरायला बराच वेळ लागला.

"मुकादमाची... हवा हाय..." थोड्या वेळानं तो म्हणाला. "उचल... घेतल्यागत... वाटतंय."

भिवराबाई हसली आणि हसता हसता रडली. अभिमन्यू उठून उगाच मोटारसायकलची चेन बघायला गेला.

डीपी बदलेपर्यंत आठवडा गेला. दिवसा उन्हावर मशीन चाले. अंधार पडला की ती जुनी बॅटरी कशीबशी तीन तास ओढायची, मग थांबायची. उरलेला वेळ भिवराबाई नवऱ्याला उशीला टेकवून बसवायची, वारा घालायची आणि श्वास मोजण्याऐवजी त्याला जुन्या मुकादमांची नावं घेऊन शिव्या द्यायला लावायची. शिवी देता येतेय म्हणजे दम आहे, हे तिचं वैद्यक. अभिमन्यू रोज येऊन बॅटरीत पाणी घालून जायचा. दुकानातली बॅटरी मालकाकडं मागायला त्याचं तोंड अजूनही उघडत नव्हतं. पाणी घालणं जमत होतं, आणि तेवढं तो फार मन लावून करत होता.

*

लाईट आली त्या दिवशी भिवराबाईनं बॅटरी परत नेऊन जागेवर ठेवली, मोहनरावांच्या घराला कुलूप लावलं आणि अभिमन्यूला म्हणाली, "आता लाव फोन."

"मोहनराव, मी तुमचं घर उघडलं," तिनं एका दमात सांगितलं. का, कधी, काय नेलं, काय परत ठेवलं, सगळं.

"बरं केलं, वहिनी," मोहनराव म्हणाले. "माणसाच्या जिवापुढं काय हाय?" मग ते ट्रॅक्टरच्या आवाजापासून लांब गेले. "आत कोण कोण गेलतं?"

"मी आन अभिमन्यू."

"पेटीच्या खोलीत?"

"न्हाई."

"बरं, बरं. मी आपलं सहज इचारलं."

त्या 'सहज'नं भिवराबाईचा चेहरा अभिमन्यूच्या डोळ्यांदेखत म्हातारा झाला.

पुढच्या आठ-दहा दिवसांत विठ्ठलरावाच्या मोबाईलवर तिला फोन आले. कुणीही भांडलं नाही, हेच वाईट. वनमाला म्हणाली, "मावशी, तुमाला काकांचं लई करावं लागतं. किल्लीची आनिक कशाला यातायात? विठ्ठलरावाकडं द्या." जानकीबाई म्हणाली तिचा नवरा म्हणतो. तिसरी म्हणाली तिचा दीर म्हणतो. ज्या बाईनं गजर वाजू दिला होता, तिच्या हातून आता कुणाचंही घर उघडू शकतं, एवढी गोष्ट फडावर पोचली होती, आणि नवऱ्याचा श्वास कोंडला होता ही गोष्ट मागं कुठंतरी ट्रॉलीतून पडली होती. ते सगळे लोक वाईट नव्हते. पेटीत जे असतं ते सहा महिन्यांच्या घामाचं असतं.

भिवराबाईनं सगळा जुडगा विठ्ठलरावाच्या हातात दिला. विठ्ठलराव वाचता येणारा माणूस. त्यानं चिंध्या सोडल्या आणि किल्ल्यांना नावाच्या चिठ्ठ्या लावल्या. चिंध्या तिनं मागून घेतल्या नाहीत. त्या त्याच्या अंगणात पडून राहिल्या.

सुनिताचाही फोन आला. तिला खोलीचं कुलूप फुटल्याचं कळलं होतं. अभिमन्यू त्या वेळी ओसरीवरच होता, भिवराबाईनं त्याचा मोबाईल स्पीकरवर धरलेला.

"आत्या, बोला मला. शिव्या द्या. पण बोला."

"कोपीत उजेड पडतो का?"

"पडतो."

"पोर झोपती का?"

"झोपती, आत्या."

"मंग ठिव फोन. बॅलन्स जाईल."

पौष महिन्यात राधाकिशन गेला. त्या दिवशी लाईट होती. ऊनही होतं. मशीन शेवटपर्यंत चालू होतं. बंद कुणी करायचं हे भिवराबाईला सुचेना, म्हणून ते बराच वेळ रिकाम्या नळीतून हवा सोडत राहिलं. अभिमन्यूनं येऊन बटण बंद केलं.

राम आणि सुनिता आले. राख सावडली, दहावा केला. मुकादमानं तेवढीच सुट्टी दिली होती. राम येताना बॅटरी घेऊन आला होता. गोधडीतून काढून ती त्यानं ओसरीत आईसमोर ठेवली आणि तिच्या शेजारीच बसून राहिला, जणू आईनं त्या दोघांनाही बोल लावावा. अभिमन्यूकडं त्यानं एकदा बघितलं. "तू चालंल म्हणलतास," एवढं तो म्हणाला असता तरी चाललं असतं. पण त्याच्या मनात, विचारणाराही आपणच आणि नेणाराही आपणच, असं काहीतरी चाललं असावं.

जायच्या दिवशी भिवराबाई म्हणाली, "ही उचला."

"आये, राहू दे. तुला लागंल."

"मला कशाला? मला काय नळी हाय? अंधारात मी आख्खा जन्म काढलाय." ती सुनिताकडं वळली. "न्हे गं. पोरीला उजेडात झोपव."

सुनिता तिच्या पायावर डोकं ठेवून जी रडायला लागली ती ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला तेव्हा थांबली.

ट्रॉली गेली. अभिमन्यूनं ऑक्सिजनचं मशीन खोक्यात भरलं. ते ट्रस्टला परत पोचवायचं होतं. भिवराबाई खांबाला टेकून बसली होती. तिनं लुगड्याचा ओचा पुढं केला. मोहनरावांची बॅटरी ओढताना ॲसिड उडालेलं. तिथं रुपयाएवढी दोन भोकं पडली होती, आणि कड अजून जळत गेल्यासारखी विरत चालली होती.

"हे बघ. तुझ्या बॅटरीनं खाल्लं. एक लुगडं देणं हायेस तू माझं."

"देतो, काकू."

"देतो म्हणतोस. 'चालंल' बी म्हणला व्हतास."

तिनं हे चिडवून म्हटलं की मनातून, हे त्याला कळलं नाही. तिच्या तोंडावर हसू नव्हतं, पण आवाजात जुन्या लाऊडस्पीकरचा थोडा खरखराट परत आला होता.

पुढच्या बाजारच्या दिवशी अभिमन्यू सिरसाळ्यात कापडाच्या दुकानात गेला. दुकानदार म्हाळू, त्याच्या वडलांच्या वयाचा, बोलका. त्यानं गादीवर लुगडी टाकायला सुरुवात केली.

"कुणासाठी?"

"तांबखडीच्या भिवराबाईसाठी. नऊवारी."

म्हाळूचा हात थांबला. "राधाकिशन गेला न्हवं? मंग दुखवट्याचं हवं. रंग सांभाळून द्यावं लागंल." त्यानं हिरवी, लाल लुगडी बाजूला सारली आणि फिक्या रंगाची दोन पुढं ओढली. मग चष्म्यावरून बघितलं. "पर दुखवट्याचं लुगडं तर माहेरचं माणूस नेसवतं, पोरा. भाऊ, भाचा, कुणीतरी. तू त्यांचा कोण?"

अभिमन्यूनं फिक्या लुगड्यावरून हात फिरवला. कापड चांगलं होतं. मागं दोन बायका थांबल्या होत्या, त्यांना परकर घ्यायचे होते. "काकूलाच इचारून येतो," असं म्हणून तो पायऱ्या उतरला, आणि म्हाळूनं दोन्ही लुगडी घडी घालून पुन्हा फळीवर ठेवली.